पायरीपायरीने बुडणारी होडी

"आता बघा," हाशुशेठ म्हणाला आणि आपल्या गळ्यातली दुर्बीण काढून त्याने माझ्या गळ्यात घातली. "काय दिसतंय?"

"पाणी," मी म्हणालो.

"आणखी?"

"आणखी पाणी."

"होडी?"

"नाही."

"शीड? शिडाचं टोक? गेला बाजार एखादी चिंधी?"

"काही नाही."

"बरं. आता मागं वळा आणि वर बघा."

मी वळलो. आम्ही मच्छीमार सोसायटीच्या ओसरीवर उभे होतो. ओसरी थेट वाळूच्या पुळणीवर उघडत होती आणि तिच्या मागे दोनशे पावलांवर करंजवेळची टेकडी होती. टेकडीच्या माथ्यावर एक वेळूची काठी, आणि काठीवर पिवळा धडपा फडकत होता.

"पिवळा म्हणजे घरतांची होडी," हाशुशेठ म्हणाला. "म्हातारी वरून सांगतेय, घरतांची होडी दिसली. कुठं दिसली? माझी दुर्बीण जर्मन. म्हातारीचे डोळे करंजवेळचे, तेही अडुसष्ट वर्षं वापरलेले. तुम्ही शिकलेले आहात मास्तर, तुम्हीच काय ते सांगा."

ही साठ सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी कऱ्हाडकडचा. समुद्र पाहिला तो नोकरीला आलो तेव्हाच, आणि पाहिल्यावर माझं पहिलं मत असं झालं की हा काढायला सोपा आहे. करंजवेळच्या शाळेत मी चित्रकलेचा मास्तर होतो, अजून कायम व्हायचा होतो. वय सत्तावीस, आणि यथार्थदर्शन, म्हणजे दूरचं लहान काढण्याचं शास्त्र, पक्कं येत होतं. एवढ्या दोन गोष्टी एका ठिकाणी आल्या की माणसाला सल्ला द्यायला आणखी काही लागत नाही.

टेकडीवरची म्हातारी म्हणजे हरकूबाई. कोळीवाड्याची रीत अशी होती की प्रत्येक घर आपलं शीड वेगळ्या रंगात रंगवायचं. कुणाची काव, कुणाची हळद, कुणाची गडद नीळ, कुणाची फिकी. त्याच रंगाचा एकेक धडपा हरकूबाईकडे दिलेला असायचा. रात्री मासेमारीला गेलेल्या होड्या सकाळी परतायच्या. हरकूबाई उजाडता टेकडीवर जाऊन बसायची, लांबवर शीड दिसलं की ओळखायची आणि त्या घराचा धडपा काठीवर चढवायची. खाली बायका आपापली कामं करता करता वर बघत. आपला रंग दिसला की टोपल्या घेऊन पुळणीवर यायचं, जागा धरायची, बर्फ मागवायचा. होडी टेकेपर्यंत सगळं तयार. या कामाबद्दल हरकूबाईला प्रत्येक होडीमागे एक वाटा मासळी मिळायची. बावीस वर्षं ती त्या वाट्यांवर जगत होती, आणि माझ्या माहितीत तरी तिच्यावाचून कोळीवाड्याची सकाळ उजाडत नव्हती.

हाशुशेठ नाखवा सोसायटीचा अध्यक्ष होता. त्याच्या मालकीची होडी होती, बर्फाचा कारखाना होता, आणि समुद्र त्याला लागायचा. होडीत पाय ठेवला की पोटात ढवळायचं, म्हणून त्याचा सगळा पराक्रम कोरड्या जमिनीवर चालत असे. मुंबईहून दुर्बीण आणल्यापासून त्याच्या मनात एक सुधारणा घोळत होती. ओसरीवर दुर्बीण घेऊन माणूस बसवायचा, होडी दिसली की घंटा वाजवायची, आणि टेकडी बंद. माणूसही तयार होता. त्याचा मेव्हणा परशा. परशाला बसण्याचा अनुभव दांडगा होता.

अडचण एकच होती. हरकूबाईचा धडपा चढायचा आणि दुर्बिणीत त्यानंतर पाऊण तास, कधी तास, काही दिसायचं नाही. शेठने याचा अर्थ सरळ लावला: म्हातारी वाऱ्यावरून, भरती-ओहोटीवरून अंदाज ठोकते आणि बघितल्याचं सोंग करते. येत्या रविवारी सभेत ती खोटी आहे असं ठरवायचं होतं. आणि त्यासाठी त्याला माझा कागद हवा होता.

बुधवारी मी कागद दिला. शाळेच्या छापील कागदावर, बोरूने, समासात आकृती काढून. दूर जाणारी वस्तू लहान लहान होत जाते आणि नजरेच्या पातळीवरच्या एका टिंबात लोप पावते, हे मी रेल्वेच्या रुळांचं चित्र काढून दाखवलं. दुर्बीण त्याच वस्तूला मोठी करते, हे सांगितलं. टेकडी किनाऱ्याच्या दोनशे पावलं मागे असल्यामुळे बाईंना होडी शेठजींपेक्षा दूरच पडते, म्हणजे आणखी लहान दिसायला हवी, असा एक बारीक मुद्दाही मी घातला. त्यावर मी विशेष खूश होतो. सबब जे शेठजींना दुर्बिणीतून दिसत नाही ते बाईंना नुसत्या डोळ्यांनी दिसणे शास्त्राला धरून नाही, असा समारोप केला.

आमचे हेडमास्तर टिपणीस सोसायटीचे मानद चिटणीसही होते, कारण गावात ठराव लिहिण्याची हौस दुसऱ्या कुणाला नव्हती. त्यांनी कागदावर शाळेचा शिक्का मारला, लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "खटावकर, अक्षर सुरेख आहे."

गुरुवारी दुपारी सातवीचा तास चालू होता. स्टुलावर घागर ठेवली होती आणि मुलं ती काढत होती. खिडकीशी हरकूबाई येऊन उभी राहिली. बारीक बाई, उन्हाने करपलेली. डोळे मिचमिचे, पण तुमच्यावर टेकले की हलत नसत.

"मास्तर, तुमी माज्यावर कागद लिवलात."

मी बाहेर गेलो. "तुमच्यावर नाही, आजी. दिसण्यावर लिहिला."

"दिसन्याला वाटा नाय मिलत. मना मिलतो."

मी हातातला खडू खिशात टाकला.

"वाटा गेला तरी मी मरनार नाय," ती म्हणाली. "शेजारची सोनूबाय दोन घास देल. पन आयतवारी मना समद्यांच्या म्होरं लबाड ठरवून खाली उतरवनार. बावीस वरसं मी एक फडका खोटा नाय चरवला. ह्ये शेठला ठावूक नसंल. तुमाला कसं ठावूक नाय, ते इचाराला आयले. तुमी कवा वर येऊन बगितलंत?"

"वर यायची गरज नसते, आजी. हे शास्त्र आहे. कागदावर काढून कळतं."

तिने खिडकीतून आत पाहिलं. "पोरांना घागर काढाला सांगितलीत, तवा घागर म्होरं ठेवलीत ना?"

"हो. ठेवली."

"मग," ती म्हणाली आणि निघून गेली.

त्या तासाला मी मुलांच्या घागरी तपासल्या नाहीत.

शुक्रवारी उजाडता मी टेकडी चढलो. जांभ्या दगडात खोदलेल्या दोनशे बारा पायऱ्या. वर पोचलो तेव्हा बोलायची सोय नव्हती. हरकूबाई एका सपाट धोंड्यावर बसली होती, शेजारी धडप्यांचं बोचकं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. सूर्य आमच्या पाठीशी वर आला, समुद्र उजळला. बराच वेळ गेला.

"ती बगा," ती म्हणाली.

"कुठे?"

"बोटाकरं नका बगू. बोटाच्या म्होरं."

मला काही दिसेना. मी डोळे चोळले, बारीक केले, एक मिटून पाहिला. मग पाण्याच्या कडेच्या किंचित अलीकडे तिळाएवढं काहीतरी तांबूस दिसलं. हललं की हलल्यासारखं वाटलं, सांगता येत नाही.

"पाटलांची," हरकूबाई म्हणाली. "डाव्या अंगाला कलते. सुकान नवं हाय, अजून हाताला बसला नाय." आणि तिने तांबडा धडपा चढवला.

मी उठलो आणि खाली धावलो. दोनशे बारा पायऱ्या आणि दोनशे पावलं पुळण. ओसरीवर हाशुशेठ चहा पीत होता. मी न विचारता दुर्बीण उचलली. पाणी. आणखी पाणी. कड सुतासारखी सरळ आणि कडेवर काही नाही.

"दिसतंय काही?" शेठने आपुलकीने विचारलं.

"नाही. पण आहे."

"काय आहे?"

"होडी. मी वरून पाहिली."

शेठने चहाचा कप खाली ठेवला. "मास्तर, उपाशीपोटी डोंगर चढू नये. डोळ्यांपुढं येतं."

"मला दुर्बीण द्या. अर्ध्या तासात आणून देतो."

"जर्मन आहे ती," तो म्हणाला, आणि दुर्बिणीच्या सोबतीला त्याने परशाला माझ्याबरोबर पाठवलं. परशा दहाव्या पायरीवर बसला आणि म्हणाला, मी इथून लक्ष ठेवतो.

मी माथ्यावर जाऊन दुर्बीण लावली. होडी होती. सबंध होडी, तांबडं शीड, खाली काळं लाकूड, तीन माणसं, एक जण पाणी उपसतोय. मी तिथून नजर न काढता उतरायला लागलो. पाय चाचपून टाकायचा, थांबायचं, बघायचं. शंभराव्या पायरीपर्यंत होडी शाबूत होती. ऐंशीपर्यंत आलो तेव्हा पाणी उपसणारा कमरेपर्यंत होता. साठाव्या पायरीवर माणसं नव्हती, लाकूड नव्हतं, नुसतं शीड पाण्यातून उगवल्यासारखं उभं होतं. चाळिसाव्यावर शीड अर्धं. विसाव्यावर टोक. आणखी चार पायऱ्या उतरलो आणि पाणी.

चार पायऱ्या चढलो. टोक आलं.

मी पुन्हा वर गेलो, पुन्हा उतरलो. खिशात खडू होता, तो काढून पायऱ्यांवर खुणा करायला लागलो. असं चारदा केलं. प्रत्येक वेळी खुणा चार-सहा पायऱ्यांनी खाली सरकायच्या, कारण होडी तोवर जवळ येत होती. पण क्रम बदलला नाही. उतरलो की होडी बुडायची, चढलो की वर यायची. परशाने दहाव्या पायरीवरून हे सगळं पाहिलं आणि शाळेच्या मास्तरला टेकडीवरचं काहीतरी बाधलं, असं तो घरी जाऊन सांगून आला.

मला बाधलं होतं ते वेगळंच. यथार्थदर्शनात वस्तू लहान होते ती सगळी मिळून होते. माणूस रस्त्याने दूर गेला तर तो बोटभर होतो, नखभर होतो, पण त्याचे पाय आधी नाहीसे होऊन धड एकटं पुढं जात नाही. आणि इथे होडी लहानही होत नव्हती. शीड विसाव्या पायरीवरून जेवढं रुंद तेवढंच शंभराव्या पायरीवरून. ती नुसती खालून खाल्ली जात होती. जे लहान झालंय ते दुर्बीण मोठं करून देईल. पण जे कशाच्या तरी आड गेलंय ते जर्मन दुर्बिणीला काय आणि कुठल्या दुर्बिणीला काय, कसं दिसणार? होडी कशाच्या तरी आड होती. आणि मधे तर पाण्याशिवाय काही नव्हतं.

म्हणजे पाणीच मधे उभं होतं.

शनिवारी मी टिपणिसांकडे गेलो आणि कागद परत मागितला.

"कागद तुमचा," ते म्हणाले, "पण शिक्का शाळेचा. तुम्ही चुकू शकता, शाळेला तशी सोय नाही."

"मग मी सभेत उभा राहून सांगतो."

"हाशुशेठ शाळेच्या कमिटीवर आहे. जूनमध्ये तुम्हाला कायम करायचं की नाही, हे त्याच कमिटीपुढं येणार आहे. एवढं मला एक सहकारी म्हणून सांगावंसं वाटलं. बाकी तुम्ही सुज्ञ आहात."

"मी सुज्ञ नाही, सर. मी ते कागदावर लिहून दिलंय."

माझा निश्चय झाला होता. मला निश्चय फार वेळा होत नाहीत, त्यामुळे हा नीट लक्षात आहे.

रविवारी सकाळी ओसरीवर सभा भरली. पुरुष बाकांवर, बायका पुळणीवर उभ्या. हरकूबाई नव्हती. होड्या सभेसाठी थांबत नाहीत, असं सांगून ती वर जाऊन बसली होती. हाशुशेठने माझा कागद मोठ्याने वाचला. रुळांची आकृती सगळ्यांना फिरवून दाखवली. करंजवेळमध्ये रेल्वे बघितलेले चौघेच होते, त्यांनी माना हलवल्या.

मी उभा राहिलो. "तो कागद चुकीचा आहे."

"कोणी लिहिला?"

"मी."

"मास्तर, बुधवारी एक, रविवारी एक. यातलं शास्त्र कुठल्या वाराचं धरायचं?"

"आजचं. कारण आता मी बघून आलोय."

होड्या चालवणाऱ्या तांडेल मंडळींपैकी एक जण म्हणाला, "लाकूड आधी जातं, शीड मागनं जातं, ह्ये आमी रोज बगतो. त्यात काय नवाल?"

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"मना कोनी इचारलाच नाय."

तेवढ्यात पुळणीवर कुजबूज झाली. सगळ्या बायका वर बघत होत्या. काठीवर हिरवा धडपा चढला होता. हिरवा म्हणजे हाशुशेठच्या घरचा.

शेठने दुर्बीण लावली, डावीकडून उजवीकडे फिरवली आणि समाधानाने खाली घेतली. "घ्या. माझीच होडी आणि मलाच दिसत नाही."

"दिसेल," मी म्हणालो. "चला माझ्याबरोबर."

"मला दम लागतो."

पुळणीवरून सोनूबाई म्हणाली, "समिंदरावर गेला तर उलटी, डोंगरावर गेला तर दम. शेठ, तू जाशील तरी कुठं?"

बायका हसल्या, मग बाकांवरचे पुरुषही हसले. हाशुशेठ उठला. एवढ्या हशानंतर बसून राहणं त्याला चढण्यापेक्षा जड गेलं असतं.

विसाव्या पायरीवर त्याला काही दिसलं नाही. मी हात धरून त्याला पुढे नेलं. तिसाव्या पायरीच्या सुमाराला तो थांबला, दुर्बीण लावली, काढली, काचा धोतराला पुसल्या, पुन्हा लावली.

"आता थोडे खाली उतरा," मी म्हणालो.

तो उतरला. "गेलं."

"चढा."

"आलं."

मग मला काही सांगावं लागलं नाही. दम लागणारा तो माणूस पायऱ्यांवर एकटाच खालीवर करू लागला. साठाव्याच्या वर गेला तेव्हा त्याच्या तोंडून पहिलं पूर्ण वाक्य निघालं. "माझा तांडेल सुकाणूवर विडी ओढत बसलाय."

माथ्यावर पोचला तोवर त्याचा चेहरा उजळला होता, आणि मला धास्ती वाटली. सुधारणा करणाऱ्या माणसाचा चेहरा उजळला की धास्ती वाटावी.

"कळलं," तो हरकूबाईसमोर म्हणाला. "चूक ओसरीची होती. दुर्बीण इथं हवी. उद्यापासून परशा इथं बसेल."

आमच्यामागून निम्मी सभा चढून आली होती. सोनूबाई पुढे झाली. शेठच्या गळ्यातली दुर्बीण तिने परशाच्या हातात दिली. "बस. ते दुसरं शीड येतंय ते कुनाचं?"

परशाने पुष्कळ वेळ पाहिलं. "होडी आहे," तो म्हणाला.

"निली हाय," हरकूबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "पन म्हात्र्यांची नाय. म्हात्र्यांचं शीड गेल्या साली फाटलं, वरती ठिगल हाय. ही वैत्यांची. जड चालते. मासली हाय आज."

परशाने दुर्बीण तिच्यापुढे धोंड्यावर ठेवली. त्याने आयुष्यात केलेलं हे एकमेव तडफदार काम असावं.

टिपणीस शेवटी पोचले, बगलेत ठरावाची वही. "काय लिहू?" त्यांनी धापा टाकत विचारलं. "समुद्राच्या पाण्याला बाक आहे असा ठराव आपल्याला करता येणार नाही. सोसायटीचं कार्यक्षेत्र खाडीच्या तोंडापर्यंतच आहे."

"हरकूबाई खरं बोलते, एवढंच लिहा," मी म्हणालो. "आणि माझा कागद खोटा होता, हेही लिहा. माझ्या नावानिशी."

टिपणिसांनी हाशुशेठकडे पाहिलं. शेठ अजून समुद्राकडे बघत होता. "लिहा," तो म्हणाला. "आणि तांडेलाला नोटीस काढा."

सगळे उतरून गेले. मी राहिलो. हरकूबाईने दुर्बीण उचलून पाहिली, उलटी लावली, सुलटी लावली आणि पदराखाली ठेवून दिली.

"मास्तर," ती म्हणाली, "पानी मदी असं फुगतं, ते कशानं?"

"पृथ्वी गोल आहे, आजी. पाणी तिच्यावर पसरलंय, म्हणून तेही गोल. लांबची होडी त्या गोलाच्या पलीकडे असते."

"ह्ये तुमाला या शुक्करवारी कललं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण त्याच आठवड्यात मी शिक्क्यासकट खोटा ठरलो होतो, आणखी एकाला जागा नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "पाचवीचा भूगोल माझ्याकडे असतो. दर जूनला पृथ्वीच्या आकाराचा धडा येतो. मी फळ्यावर समुद्र कमानीसारखा काढतो. कमानीच्या पलीकडे आधी डोलकाठीचं टोक, मग शीड, मग पूर्ण होडी. तीन होड्या. मुलं वहीत उतरवतात. परीक्षेला तोच प्रश्न असतो."

"दर साली काढता?"

"आतापर्यंत दोनदा काढलं."

"रंग भरून?"

"हो. शीड तांबडं."

ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मग कागद लिवताना," तिने विचारलं, "ती होडी कुठं गेल्ती?"

मी तिच्या बाजूला उभा राहून समुद्राकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने तिने धडप्यांचं बोचकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि धोंड्यावर जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "अजून तीन यायच्यात."